काकांचा आवाज आणि चावलेलं सफरचंद

त्या काळ्या हार्ड डिस्कची केस आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग रडू. नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही.

मी तेव्हा भाईंदर पूर्वेला पोलीस निरीक्षक होतो. गोडदेवला एक घरफोडी झाली. फिर्यादी काकू मूळच्या रत्नागिरीच्या, सोबत नवरा. कॅन्सरमुळे काकांचं स्वरयंत्र काढलेलं, त्यामुळे सगळं बोलणं हातवाऱ्यांनी.

"साहेब, मिक्सर गेला तर जाऊ दे," काकू म्हणाल्या. "पण ती काळी डबी आणून द्या. ऑपरेशनआधी लेकीने ह्यांचा आवाज भरलाय त्यात. दुसरीकडे कुठेच नाही हो."

"कशावरून भरला?"

"तिच्या जुन्या लॅपटॉपवरून. तो बिघडला आता. पाठीवर चावलेलं सफरचंद होतं बघा."

काकांनी हवेत सफरचंद काढून दाखवलं. मी ते जबाबात घेतलं.

मग खबऱ्याची टीप आली. नवघरला एक जण चोरीचे लॅपटॉप विकत होता. छापा टाकला, डिस्क सापडली. गडी भलताच निर्ढावलेला.

"माझीच आहे साहेब. कोरीय. कॉम्प्युटरला लावली तर तोच बोलला, फॉरमॅट करा."

फॉरमॅट केली की आतलं सगळं पुसलं जातं. मी दरडावलं, "केलीस?"

"करणारच होतो, तेवढ्यात तुम्ही आलात."

एवढा सावकाश काम करणारा चोर मी दुसरा पाहिला नाही! आमचा रायटर, म्हणजे जबाब लिहून घेणारा हवालदार, लगेच डिस्क पोलीस ठाण्याच्या कॉम्प्युटरला लावायला निघाला. सायबर सेलची हवालदार बाई त्याच्यावर खेकसली, "ठेवा ती खाली! सफरचंद म्हणजे मॅक, ॲपल कंपनीचा कॉम्प्युटर. मॅकवर भरलेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही, म्हणून तो फॉरमॅट करा म्हणतो. रिकामी आहे म्हणून नाही."

"मग बाई, करायचं काय?" मी विचारलं.

"मूळ डिस्कला धक्का न लावता तिची इमेज घ्यायची. हुबेहूब नक्कल, एका फाइलमध्ये."

तिने पंचांसमोर ती फक्त वाचता येईल अशा यंत्राला जोडली आणि लिनक्स या तिसऱ्याच प्रणालीच्या कॉम्प्युटरवर इमेज घेतली. मग दोन्हींचे हॅश जुळवले. हॅश म्हणजे डिस्कच्या बोटाचा ठसा, आत एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. डिस्क सीलबंद झाली. इमेज विंडोजवर उघडून पाहिली, काही नाही. शेवटी लॅबमधल्या मॅकवर उघडली आणि सगळे फोल्डर समोर आले. काकांच्या नावाचाही होता. आरोपीने मान खाली घातली आणि घरफोडी कबूल केली.

ओळख पटवायला नवरा-बायकोला बोलावलं. हवालदार बाईने पहिली फाइल लावली. खणखणीत आवाज आला, "अगं ए, चहा ठेवतेस का? ही पोरगी केव्हाची बडबड करायला लावतेय मला!"

"ठेवते हो!" म्हणत काकू खुर्चीतून उठल्याच. दोन पावलं गेल्या आणि थबकल्या. शेजारी काका पोट धरून हसत होते, आवाज न करता. मग त्यांचे डोळे वाहायला लागले. रायटर चहा सांगायला गेला.

कोर्टाच्या आदेशाने डिस्क त्यांना परत मिळाली. नोकरीत मी लाखोंचा मुद्देमाल हाताळला, पण त्यातली कुठलीच वस्तू मी अशी दोन्ही हातांनी जपून परत दिली नव्हती.

त्या संध्याकाळी घरी गेलो, तर बायकोने दारातच कटकट सुरू केली. भाजी आणली नाही, फोन उचलला नाही. एरवी मी टीव्ही मोठा करतो. त्या दिवशी बंद केला आणि म्हटलं, "बोल, ऐकतोय."