बंद गिरणीतला प्रोजेक्ट

मास्तर बोलणाऱ्याच्या डोळ्यांत कधी पाहत नसत, तोंडाकडे पाहत. नवख्या माणसाला वाटायचं, आपल्या दाताला कोथिंबीर लागलीय. मग मास्तर म्हणत, "हळू बोला, पण तोंड उघडून बोला."

परळच्या एका गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या शेडमध्ये, विणकरांवर देखरेख करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. तिथे सगळे माग धडधडायला लागले की कानांचा काही उपयोग नसतो, माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. मास्तरांचे कान तर कायमचेच तिथे राहिले. रस्त्याच्या पलीकडून कुणी पुटपुटत शिवी दिली तरी त्यांना कळे, आणि पाठीमागे उभं राहून बोंबललं तरी कळत नसे. आम्ही दोन्ही प्रयोग करून पाहिले होते.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी एखाद्या कंपनीचा प्रोजेक्ट मिळवायचा, असा आमच्या कॉलेजचा रिवाज होता. कंपनीने आपली अडचण सांगायची, यंत्र हाताळू द्यायचं, आणि पोरांनी काहीतरी रचून दाखवायचं. हुशार पोरं ठाण्याच्या कारखान्यांत गेली. तिथे कॅन्टीनमध्ये गुलाबजाम मिळायचे म्हणे. आम्ही तिघं उरलो, म्हणून आम्हाला उरलेली कंपनी मिळाली, मास्तरांची गिरणी. गिरणी कामगारांच्या संपाचं दुसरं वर्ष चाललं होतं आणि या कंपनीच्या गेटला कुलूप होतं.

मास्तर स्वतः टाय लावून कॉलेजात आले होते. विषय होता, मागाचा आवाज कमी करणारं आवरण.

"अहो, पण गिरणी तर बंद आहे," आमचे प्राध्यापक म्हणाले.

"आज बंद आहे. उघडली की आवाज होणारच."

प्राध्यापकांनी सही केली.

मागाला तिथे साचा म्हणत. एवढ्या मोठ्या शेडमध्ये मास्तरांनी आम्हाला चार साचे दिले, आणि मग छळ सुरू झाला. आम्ही प्लायवुडची पेटी करून नेली. मास्तरांनी तिला प्रदक्षिणा घातली.

"उत्तम. पण आडवं सूत नेणारा धोटा अडकला तर विणकर हात कुठून घालणार?"

आम्ही झडप केली.

"उत्तम. पण आत दमट हवा पोचली नाही तर सूत तुटेल."

आम्ही भोकं पाडली.

"उत्तम. पण आता भोकांतून आवाज येणार."

आमच्यातला सतीश शेवटी कळवळला. "मास्तर, आम्हाला पास व्हायचंय हो."

मास्तरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "मालक शेडमधले साचे भंगारात काढतायत. हे चार मी तुमच्या नावावर मागून घेतलेत. प्रोजेक्ट संपेपर्यंत हात लावणार नाही, असा शब्द दिलाय त्यांनी. उद्या संप मिटला, तर निदान चार माणसांना उभं राहायला जागा हवी की नको? तोवर तुम्ही जरा कमी हुशार राहा."

ते आम्हाला फारसं अवघड नव्हतं.

पण परीक्षा कुणासाठी थांबत नाही. एका दुपारी कॉलेजचं आवाज मोजायचं यंत्र घेऊन आम्ही गेलो. एकदा साचा उघडा चालवायचा, एकदा आवरण घालून, आणि दोन्ही आकडे लिहायचे. विणकर संपावर, तेव्हा मास्तरच उभे राहिले. त्यांनी मोटर सुरू केली, दांडा ओढला आणि तो साचा असा धडधडायला लागला की माझ्या पोटातला चहा हलला. मास्तर दोन्ही तळवे लोखंडावर ठेवून डोळे मिटून उभे होते. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

पहिला आकडा मिळाला. आम्ही आवरण उचलतोय तोच गेटवरचा पहारेकरी धावत आला.

गेटबाहेर समोरच्या चाळी उतरल्या होत्या. पुढे संतापलेली माणसं. "कोण फुटला रे आत? काढा त्याला बाहेर." त्यांच्या मागे मात्र वेगळीच माणसं होती. भांग पाडलेली, घाईघाईने शर्ट चढवलेली. एकाच्या हातात जेवणाचा डबा होता.

"मास्तर, चालू झाली काय वो?" डबेवाल्याने विचारलं.

मास्तर एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे पाहत होते. त्यांना सगळंच कळत होतं. "कॉलेजची पोरं आहेत," ते म्हणाले. "परीक्षेचं काम आहे."

शिव्या थांबल्या, पण कुणी हललं नाही. डबेवाला पुढे येऊन आपल्या आईबद्दल सांगू लागला. "आवस कधीची हंतरुणात पडान आसा. आवाज ऐकान उठान बसली. 'झिला, गिरण सुरू झाली,' म्हणता. आता तिका काय सांगू?"

मास्तरांनी त्याच्या डब्याला हात लावला. डबा गरम होता.

शेडमध्ये परत आल्यावर त्यांनी मोटरचा फ्यूज काढून खिशात टाकला.

"मास्तर, दुसरा आकडा राहिलाय," सतीश म्हणाला.

"राहू दे."

मला वाटलं, मला युक्ती सुचली. "बरंच झालं की. प्रोजेक्ट अर्धवट राहिला तर साचे वाचतील."

मास्तर माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिले, जणू मी अजून बोलतोय. "अर्धवट राहिला की परत साचा लावायला लागणार. तुमच्यासाठी नाहीतर पुढच्या वर्षीच्या पोरांसाठी. मी काय त्या म्हातारीला दर वर्षी उठवून बसवू?"

दुसरं मोजमाप झालं नाही असं सरळ लिहा, म्हणाले. काम पूर्ण झालं, कंपनीचं समाधान झालं, एवढं त्यांनी स्वतः लिहून सही केली. मग पेनाचं टोपण काही केल्या लागेना.

आम्ही पास झालो.

मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी. रे रोडच्या भंगारवाल्याची लॉरी आली होती. हमालांनी चारही साचे चढवून दोरांनी आवळले, तरी दोन सैल राहिले. लॉरी सुरू होताच ते एकमेकांवर आदळले. मास्तरांना ते ऐकू येणं शक्य नव्हतं, पण त्यांनी चाळीच्या गॅलऱ्यांकडे पाहिलं. मग ड्रायव्हरला हात करून लॉरी थांबवली आणि हौद्यात चढले. त्या दोन साच्यांच्या मधल्या फटीत ते शिरले, एकाला पाठ लावली, दुसऱ्याला तळवे टेकले आणि पाय रोवले.

लॉरी खड्ड्याखड्ड्यांतून हळूहळू निघाली. वळणाआड जाईपर्यंत चाळीत कुणालाही लोखंडाचा आवाज ऐकू गेला नाही.