ठेच्याची निर्दोष सुटका

तुमच्या घरातल्या कोणत्या डब्यात अर्धवट सोडलेल्या गोळ्या पडून आहेत? आमच्याकडे एके काळी तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. महिन्यापूर्वी अकोल्याहून फोन आला, सुमनआत्या सकाळचा चहा घेता घेता गेली... आणि माझी नजर आधी त्या डब्यावरच गेली.

आत्या, बाबांची मोठी बहीण, अकोल्याच्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. मी अमरावतीला, बाबांच्या राजापेठेतल्या छापखान्यात मोर्च्यांच्या पत्रकांच्या घड्या घालत वाढले. अन्याय म्हटला की मला मोर्चाच सुचतो. पोटातल्या एका जंतूविरुद्धही मोर्चा निघू शकतो, हे आत्याने शिकवलं.

आई वर्षानुवर्षं पोट धरून बसायची. गल्लीने आरोपी कधीच ठरवला होता: ठेचा. दुसरा आरोपी, आईचा तापट स्वभाव. भाजी फिकी झाली, आईने भांडणंही सोडली, दुखणं मात्र तसंच. शेवटी आत्याने हट्टाने तोंडातून दुर्बीण घालून पोटाची तपासणी करायला लावली. जठरात जखम होती. तिथला कणभर तुकडा जंतू असला की रंग बदलणाऱ्या पिवळ्या औषधात ठेवला, आणि पिवळ्याचं गुलाबी झालं. जंतू सापडला! आत्या गरजली, "मिरची जखमेवर झोंबते, जखम नाही करत. बिचारीवर खोटा खटला चालवून राहिले तुमी इतकी वर्षं!"

दोन आठवड्यांच्या गोळ्या मिळाल्या. पाचव्या दिवशी आईला बरं वाटलं. तिने गोळ्या थांबवल्या आणि उरलेल्यांतल्या चार शेजारच्या काकूंना दिल्या, त्यांचंही पोट दुखत होतं ना! आमच्या गल्लीत वाटीभर भाजी जाते तशा गोळ्याही जातात. बाकीच्या डब्यात. दोन महिन्यांत दुखणं परतलं, या वेळी जखमेतून रक्तही जाऊ लागलं. आत्या पहिल्या बसने अमरावतीला आली.

"कावून थांबवल्या वं, शोभा?"

"बरं वाटून राहिलं होतं, ताई. उगाच कावून खाव?"

आत्या आईच्या खाटेवर बसली. "तुरीच्या वावरात रानडुक्कर शिरलं का गडी काठ्या घेऊन धावतात ना? तशा आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात. पण हा जंतू जठराच्या चिकट थरात दडते. गड्याईले तो पुरता सापडत नाही, अन् ते मागं बी हटत नाहीत. डुकरानं बी खाल्लं, गड्याईनं बी तुडवलं... तूर कोणाची गेली?"

"मही," आई पोटावर हात ठेवून पुटपुटली.

"अन् गोळ्या अर्ध्यावर सोडल्या, तर उरलेलं डुक्कर जास्त हुशार होते."

डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या. आत्या चौदा दिवस मुक्कामाला राहिली. स्वयंपाकघरात कागद चिकटवला, प्रत्येक दिवसावर लाल पेन्सिलीची फुली. आई कुरकुरली, "सासू परवडली असती!" आत्या म्हणाली, "तोंड उघडलंच आहे, तर गोळी घे."

काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. जंतू नव्हता! त्या दुपारी आईने ज्वारीच्या भाकरीवर ठेचा घेतला, आणि आम्ही पत्रक छापलं: 'ठेचा निर्दोष आहे. पोट तपासा, गोळ्या पूर्ण घ्या.' कौंडण्यपूरच्या यात्रेत आत्या ते वाटत होती. एकाने टोमणा मारला, "मिरच्या विकून राहिल्या का, मावशी?" "नाही रे, तुहं पोट वाचवून राहिली," म्हणत तिने दुसरं पत्रक त्याच्या खिशात कोंबलं. शेजारच्या काकूंना तर तिने हाताला धरून तपासणीला नेलं.

फुल्यांचा तो कागद अजून भिंतीवर आहे. चौदावी फुली सगळ्यांत मोठी, कागद फाटेल इतकी जोरात ओढलेली. आई तो काढू देत नाही. पत्र्याच्या डब्यात आता पत्रकं असतात.

वाचकहो, हे पान खाली ठेवा आणि तुमचा डबा उघडा. त्यातली एकही गोळी शेजारी देऊ नका. ज्याने ती अर्ध्यावर सोडली, त्याला घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा. आणि भिंतीवर एक कागद चिकटवा.