पणजोबांसोबत आलेला

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी., तीही फिजिक्स घेऊन, मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या कॉलेजातून. आता शाळेत विज्ञान शिकवते. हे मिरवायला सांगत नाही... बरं, थोडं मिरवायलाही सांगते. पण मुद्दा असा, की कुणाच्या अंगात आलं तर मी त्याला आधी पाणी पाजून सावलीत बसवणार. या सदरातले अनुभव वाचून मी बरेचदा हसलेही आहे. आता तुम्ही माझ्यावर हसा, हरकत नाही.

आमचं घर लांजी रोडला. पुढे छपरी, म्हणजे ओसरी, मग दोन खोल्या, मागे आंगण. तीन वर्षांपूर्वीची सर्वपित्री अमावस्या. वेळ भर दुपारची, लख्ख ऊन.

आमच्याकडे पितृपक्षात नुसतं पान वाढून भागत नाही. गेलेल्या माणसाच्या जागी जिवंत माणूस जेवायला बसवतात, त्यालाच ‘पितर’ म्हणतात. म्हातारी गेली असेल तर म्हातारी, तरणा गेला असेल तर तरणा. त्याचे पाय धुवायचे, पाया पडायचं, पोटभर वाढायचं. तो जेवला म्हणजे आपला माणूस जेवला.

माझे पणजोबा कधीच जेवले नव्हते.

ते दुसऱ्या महायुद्धात फौजेत गेले, साधे शिपाई म्हणून, आणि तिकडे इटलीत मेले. तार आली, माणूस आला नाही. ते निघाले तेव्हा माझे आबाजी, म्हणजे माझ्या वडलांचे वडील, आईच्या पोटात होते. फोटोही नाही घरात. पणजी मरेपर्यंत एकच बोलायची, “मी त्याले जाताना पाह्यलं, मरताना नाही पाह्यलं. पितर कशी बसवू?” ती गेल्यावरही तिचा शब्द मोडायची कुणाची छाती झाली नाही. बाकी सगळे पितर दरवर्षी जेवायचे. पणजोबा तेवढे उपाशी.

त्या वर्षी आबाजी दवाखान्यातून आले आणि हट्टालाच पेटले.

“मी गेल्यावर त्याले कोण बोलावंल? तुह्या बापाले तर त्याचं नाव बी धड माहीत नाही.”

“माहीत आहे ना,” बाबा म्हणाले.

“सांग.”

बाबा आईकडे बघायला लागले. आई पदराआड हसली.

पणजोबा गेले तेव्हा असतील बावीस-तेवीसचे. तेवढ्या वयाचा पोरगा हवा. शेजारच्या काकूंचा भाचा दीपक लालबर्र्याहून येऊन इथे मोटरसायकलच्या शोरूममध्ये लागला होता. आपल्यातलाच, पण सगळा जन्म हिंदीत गेलेला. मराठी समजते, बोलायला गेला की स्वतःच हसतो. आईनं त्याला सांगितलं, “तुले पितर म्हणून बसाचं हाय.”

“मतलब मरे हुए आदमी की जगह? चाची, मुझे कुछ होगा तो नहीं?”

“होईल ना,” मी म्हटलं, “पोट फुगंल. आईचे वडे खाऊन पाहा.”

तो आला, नवा शर्ट घालून. आबाजींनी त्याला पाटावर बसवलं, त्याचे पाय धुतले. मग वाकले. ऐंशीला टेकलेला माणूस, गुडघे दुखतात म्हणून खाली बसत नाही, तो त्या पोराच्या पायांवर डोकं ठेवून राहिला... उठेचना. दीपक अवघडून माझ्याकडे बघत होता. मी नजर वळवली. बाप कायम तेवीसचा आणि मुलगा ऐंशीचा — हे गणित मला त्या दिवशी पहिल्यांदा समोर दिसलं.

मी वाढत होते. पत्रावळीवर भात, कढी, उडदाचे वडे, कोहळ्याची भाजी, द्रोणात खीर. दीपकनं वडा उचलला, मोडला, अर्धा बाजूला ठेवला. दुसरा मोडला, त्यातलाही अर्धा बाजूला. भाताचेही दोन भाग केले. आणि जेवेना. नुसता दाराकडे बघत बसला.

“काहून? मीठ कमी आहे का?” आईनं विचारलं.

तो आईकडे वळलाच नाही. आबाजींना म्हणाला, “बाहीर एक जण उभा हाय ना. त्याले बी वाढ.”

अस्सल आमच्या म्हाताऱ्यांची बोली. ‘वाढा’ नाही, ‘वाढ’. त्याच आबाजींना तो रोज ‘दादाजी आप’ म्हणायचा.

मी छपरीत जाऊन पाहिलं. कोणी नाही. रस्त्यावर फक्त एक ट्रॅक्टर.

आबाजी पुढे सरकले. “कोण हाय... बाबा?”

“मले त्याची बोली समजत नाही,” तो म्हणाला. “संगच होतो दोघं. त्याच्या घरचे त्याले बोलावत नाहीत.”

आबाजींनी मला नुसती मान हलवून खूण केली. मी दुसरी पत्रावळ घेतली, सगळं वाढलं, छपरीत उंबऱ्यापाशी ठेवली. थोडी कढी सांडली.

आत आले तर दीपक जेवत होता. खाली मान घालून, घाईघाईनं, कुणी ताट ओढून नेईल असा. आबाजी स्वतः वाढायला बसले. तीनदा भात घेतला त्यानं. प्रत्येक वेळी आबाजी म्हणत, “घे ना, आणखी घे,” आणि डोळे पुसत.

हात धुतल्यावर मी त्याला कोपऱ्यात गाठलं. “मराठी कधी शिकलास रे?”

“कौन-सी मराठी, दीदी? मैंने तो मुँह ही नहीं खोला. खाना खा रहा था.”

मी बाहेर उभ्या असलेल्याचं सांगितलं, तर त्याचा चेहरा उतरला. मस्करी करत असता तर तिथेच हसला असता. त्याला चेहऱ्यावर काही लपवता येत नाही, काकू रोज तेच बोलून त्याला चिडवतात.

छपरीतली पत्रावळ नंतर कुत्र्यानं खाल्ली. मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून त्यात काही चमत्कार सांगणार नाही. बोलीचंही म्हणा, लहानपणी त्याच्या आजीची कानावर पडली असेल, डोक्यात कुठे तरी राहिली असेल. माझं स्वतःला हे सगळं समजावून झालं आहे. पण तो दुसरा माणूस? त्याच्याबद्दल आमच्या घरात कधी कुणी बोललेलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं, तर बोलणार काय? कोणत्या मुलखाचा, कोणत्या धर्माचा, आपल्या बाजूचा तरी होता की समोरच्या... काही ठाऊक नाही. आता मी शोधतही नाही.

आबाजी मागल्या वर्षी उन्हाळ्यात गेले, झोपेत. शेवटचे काही महिने ते शांत होते. कुणी भेटायला आलं की सांगायचे, “माहा बाप जेवला. मी वाढलं त्याले.”

यंदा आम्ही तीन पानं वाढली. आबाजींच्या जागी शेजारचे म्हातारे काका बसले, पणजोबांच्या जागी दीपक, न बोलावता आला. तिसरं पान उंबऱ्यापाशी. तिथे कुणाला बसवावं? त्याचं वयच माहीत नाही.

पान वाढताना मी आईला विचारलं, त्याच्यासाठी वेगळं काही करायचं का? त्याच्या घरी काय खात असतील कोण जाणे.

“भात वाढ जास्तीचा,” आई म्हणाली. “भात तर सगळेच खातात.”

सगळे नाही खात, मला माहीत आहे. तरी भात वाढला, वर कढी घातली आणि दार उघडं ठेवलं.