सिस्टरांच्या करंज्या

इंदिरानगरमधल्या आमच्या इमारतीत समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त नर्स राहतात. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्या इतक्या हळू बोलतात, की शेजारच्या खाटेवर कुणी झोपलंय असं वाटावं. बेल एकदाच वाजवतात आणि दोन पावलं मागे सरून उभ्या राहतात.

दर नाताळला त्या घरच्या करंज्यांचं ताट आणून देत. मी हसून घ्यायची आणि नंतर ते वॉचमनला नेऊन द्यायची. त्यांच्याकडे अंडं शिजतं, हे मी स्वतःला दिलेलं कारण. आमची मुलं बेकरीतला केक खातात, हे मी सोयीस्कर विसरायची. गेल्या वर्षी मी ताट खाली नेत असताना त्या जिन्यातच समोर आल्या. ताटाकडे पाहून म्हणाल्या, "सावकाश, वहिनी, पायरी ओली आहे."

वर्षभर ते मनात टोचत राहिलं. यंदा मी मेन रोडवरून मगांचा सेट घेतला आणि नाताळच्या दुपारी त्यांच्याकडे गेले. अख्खी इमारत जमली होती. सिस्टरांनी लगेच ते मग धुऊन सगळ्यांना त्यातूनच चहा दिला. करंज्यांचं ताट माझ्यापाशी आलं, तसं त्यांनी ते माझ्या शेजारच्यांकडे सरकवलं आणि माझ्या हातात एक केळं ठेवलं.

"अहो, वहिनींना करंजी द्या ना," कुणीतरी म्हणालं.

"त्यांचा आज उपास आहे," सिस्टर हळूच म्हणाल्या.

माझा कसलाही उपास नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान डोलावली आणि केळं सोलायला घेतलं.