मामींची जीप आणि वरचं रान

आमच्या मामी कुणाच्याही घरी गेल्या की ज्या खुर्चीवर बसायचं ती खुर्ची आधी हलवून बघत. नुसती हलवून नव्हे, दोन्ही हातांनी पाठ धरून गदागदा. खुर्ची कुरकुरली की त्या यजमानांकडे अशा बघत की त्या बिचाऱ्यांना आपणच डुगडुगतोय असं वाटावं. मग पर्समधून पाना निघे. हो, पर्समधून. इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा आणि टिकल्यांचं पाकीट असतं. मामींच्या पर्समध्ये ते दोन्ही होतं आणि शिवाय दहा-अकराचा पाना होता. "हे हलायलंय की! कसं बसता तुम्ही इथं?" असं म्हणत त्या खाली बसत आणि चहा येईपर्यंत खुर्चीचे नट आवळून झालेले असत.

माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो आहे. समोर अंतरपाट, दोन्ही बाजूंना आम्ही नवराबायको, भटजींचा हात वर गेलेला, आणि मागे मामी मांडवाचा खांब हलवून बघताहेत. शेजारी मांडववाला हात जोडून उभा आहे. पुढच्या फोटोत तो शिडीवर चढून दोरी पुन्हा बांधतोय आणि मामी खालून सूचना देताहेत. माझी बायको आजही तो अल्बम पाहुण्यांना दाखवताना आमच्या दोघांच्या आधी मामींवर बोट ठेवते.

मामींना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांचं घर फुलंब्रीला. माझं शहरात औरंगपुऱ्यात झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, रविवारी ते बंद ठेवून मी मोटारसायकलवर मामा-मामींकडे जात असे. मामींच्या तोंडी शिवी म्हणून एकच शब्द होता, 'ढिला'. बँकेतला माणूस ढिला, नळाची तोटी ढिली, सुनेचा स्वयंपाक ढिला, आणि मी तर जन्मजात ढिला. "याला बघ, बुटाची लेस बी धड बांधायला येत नाय. दुकान कसं चालवतो देव जाणे," असं त्या माझ्यादेखत माझ्या आईला सांगत. मला कधी राग आला नाही. लहानपणी माझ्या सायकलची चेन उतरली की ती बसवून द्यायला घरातलं दुसरं कुणी येत नसे, हे मला आठवत होतं.

मामा अगदी उलट, निवांत माणूस. त्यांना एकच नाद होता, जीपचा. अजिंठ्याच्या बाजूला डोंगरावर त्यांची थोडी जमीन होती. घरात तिला सगळे 'वरचं रान' म्हणत. तिथं जायचं तर मध्ये एक दगडगोट्यांचा नाला पार करावा लागे आणि त्यातले दगड जीपच्या पोटाला घासत. म्हणून मामांनी शहरातल्या शकीलभाईंच्या गॅरेजमध्ये नेऊन जीप उंच करून घेतली, म्हणजे जुन्या स्प्रिंगा काढून लांब स्प्रिंगा बसवल्या. दगड घासायचे थांबले, पण वेगळंच दुखणं लागलं. चाकांचा आस आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारे लोखंडी दांडे असतात, त्यांना आर्म म्हणतात. पूर्वी ते जवळपास आडवे होते, गाडी उंच झाल्यावर तिरपे झाले. त्यामुळे चाकाखाली दगड आला की धक्का सरळ वर येऊन बसणाऱ्याच्या कमरेत जाई. त्यावर इलाज म्हणून मामांनी ड्रॉप ब्रॅकेट मागवले. हे जाड लोखंडी कंस सांगाड्याला खालून बसवायचे आणि आर्मचं वरचं टोक त्यांच्यात अडकवायचं. टोक खाली येतं आणि आर्म पुन्हा आडवा होतो. खोकं घरी आलं, ते मामांनी उघडून मला कौतुकानं दाखवलंही. त्याच महिन्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि खोकं पलंगाखाली गेलं.

मामांची उजवी बाजू गेली. बोलणं एखाददुसऱ्या शब्दावर आलं. दोन्ही मुलं पुण्याला. वरचं रान आता कोण बघणार, विकून टाकू, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि त्यात काही चूकही नव्हतं. गिऱ्हाईकही आलं. फक्त मामांनी हो म्हणायचं बाकी होतं. पण विषय काढला की मामा भिंतीकडे तोंड करत. हो नाही आणि नाहीही नाही. मुलं म्हणत, बाबांना आता समजत नाही. मामींना ते बोलणं फार लागलं. "समजतं त्यांना. रान बघितल्याबिगर ते बोलायचे नायत. मी नेते वर," त्यांनी जाहीर केलं.

डॉक्टरांनी एकच अट घातली, कमरेला आणि मानेला हिसके बसता कामा नयेत. मामी तरुणपणापासून ट्रॅक्टर चालवत, जीपही चालवत, पण त्या दिवशी त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव, मी ह्यांच्या जागेवर बसते," म्हणाल्या. नाल्यात मी माझ्या परीनं जपून गाडी घातली. तरी तिसऱ्या-चौथ्या दगडावर मामी सीटवरून हातभर उडाल्या. पलीकडे गेल्यावर कमरेवर हात ठेवून खाली उतरल्या. मग म्हणाल्या, "नाय. ह्यांना असं नाय न्यायचं." मला वाटलं, संपला विषय. घरी आल्याबरोबर त्यांनी पलंगाखालचं खोकं बाहेर ओढलं.

शकीलभाई म्हणाले, जीप गॅरेजला आणा. मामी ऐकेनात. काम घराच्या अंगणात होणार आणि मामा ओसरीवर खुर्चीत बसून ते बघणार. "त्यांनी हौसेनं आणलेली वस्तू हाय. त्यांच्या डोळ्यांदेखत बसली पाहिजे," एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. शेवटी शकीलभाई पान्यांची पेटी आणि लोखंडी घोडे घेऊन फुलंब्रीला आले. आम्ही चाकांना दगड लावले, जॅकनं गाडी उचलून घोड्यांवर ठेवली. जुने बोल्ट गंजून धरलेले होते, मामींनी आदल्या दिवशीच त्यांच्यावर डिझेल सोडून ठेवलं होतं. नऊवारीचा पदर खोचून त्या गाडीखाली सरकल्या तेव्हा शेजारपाजारच्या बायका कुंपणावरून बघत होत्या. "काय बघायल्यात? घरला जा, भाकरी करपत असतील!" गाडीखालून आवाज आला.

ब्रॅकेट जागेवर बसले, आर्मही अडकले. तेवढ्यात शकीलभाईंना गॅरेजमधून बोलावणं आलं. मामींना ते बाजी, म्हणजे थोरली बहीण, म्हणत. निघताना त्यांनी बजावलं, "बाजी, सब नट खाली हात से लगाए. अभी कसना नक्को. मैं कल आता, गाडी नीचे उतारेंगे, चाकां पे वजन आने दो, फिर कसेंगे." मामींनी मान डोलावली. मीही डोलावली.

पण मामींना ढिला नट दिसतोय आणि त्या झोपल्यात, हे कसं घडावं? संध्याकाळी मी मोटारसायकल काढत होतो तर मामी पुन्हा गाडीखाली. "मामी, शकीलभाई काय म्हणाले?" मी विचारलं. "ते म्हणणारच. त्यांना घाई होती. रातभर गाडी अशी ढिली ठेवायची व्हय?" असं म्हणून त्यांनी लांब दांड्याचा पाना घेतला आणि एकेक नट, दोन्ही टाचांनी जमीन धरून, करकचून आवळला. त्यांना अडवायची माझी प्राज्ञा नव्हती. सकाळी तर त्यांनी हद्द केली. शकीलभाईंची वाट न बघता शेजारच्यांना बोलावून गाडी खाली उतरवली आणि गावाबाहेर एक चक्कर मारून आल्या.

मी पोचलो तेव्हा शकीलभाई गाडीखाली होते आणि मामी ओसरीच्या पायरीवर तोंड पाडून बसल्या होत्या. गाडी पूर्वीपेक्षा जास्त हिसके देत होती आणि वर कुरकुरतही होती. आर्मच्या टोकाला रबराचे बुश असतात. गाडी हवेत असताना नट आवळला की रबर त्याच जागी पकडलं जातं. मग गाडी खाली आली, वजन पडलं, की ते पिळवटतं. चारही बुश असे पिळून गेले होते. शकीलभाई बाहेर आले, हात पुसत म्हणाले, "किसने कसे ये?"

मी जीपचा टायर निरखू लागलो. आणि ओसरीवरच्या खुर्चीतून मामांचा डावा हात सावकाश वर झाला आणि त्यांनी मामींवर बोट रोखलं. रोखलं आणि हसू लागले. झटका आल्यापासून त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी हसू पाहिलं नव्हतं. अर्ध्याच चेहऱ्यानं, पण पोट हलेपर्यंत हसले. शकीलभाई हसले, मी हसलो. मामी म्हणाल्या, "हसा, हसा. मोठे शहाणे!" आणि पदर तोंडाला लावून त्याही हसू लागल्या. हसता हसता डोळे पुसत होत्या.

शकीलभाईंनी नवे बुश आणले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. या खेपेला मामींची खरी परीक्षा होती. नट नुसते बोटांनी फिरवून सोडायचे आणि तशीच गाडी घोड्यांवरून खाली घ्यायची. त्यांनी एकेक नट बसवला आणि प्रत्येक वेळी पान्याकडे गेलेला हात मागे घेतला. मी त्यांना विहिरीवर रात्री एकटीनं जाताना पाहिलंय, अंगावर आलेला बैल वेसणीला धरून थांबवताना पाहिलंय. पण गाडी खाली येत असताना मामींनी डोळे मिटून घेतले होते. चाकं टेकली. शकीलभाईंनी बंपरवर उभं राहून गाडी दोनचारदा दाबली, ती आपल्या वजनानं बसली. मग ते म्हणाले, "अब कसो, बाजी. जितना दिल करे." मामींनी चिखलामातीची पर्वा न करता गाडीखाली उडी घेतल्यासारखं अंग घातलं.

पुढच्या रविवारी आधी मामी स्वतः मामांच्या जागेवर बसल्या आणि मी नाला पार केला. जाताना एकदा, येताना एकदा. खाली उतरून त्यांनी कमरेवर हात ठेवला नाही. "चल, ह्यांना घेऊन येऊ," एवढंच म्हणाल्या.

मामांना उशा लावून, पट्टा बांधून पुढे बसवलं. मामींनी चालवायला घेतलं, मी मागे. नाल्यात गाडी इतकी सावकाश गेली की मागच्या सीटवरून मला एकेक दगड मोजता आला असता. दगड येत होते, चाकं त्यांच्यावर चढत होती, उतरत होती, आणि मामांची मान उशीवर होती तिथंच राहिली. प्रत्येक दगडाला मामी त्यांच्याकडे बघत आणि मामा रस्त्याकडे. वर पोचलो तर रानात मेंढ्या बसवलेल्या. लिंबाजी नावाचा धनगर सुगीनंतर दरवर्षी खतासाठी तिथं कळप बसवायचा. मामांना बघून तो धावत आला आणि दार धरून उभा राहिला. "मालक, आलात व्हय? रानात लई दम हाय बघा," म्हणाला आणि रडू लागला. मामांनी डावा हात त्याच्या मुंडाशावर ठेवला.

आम्ही बांधाबांधानं जीप फिरवली. मामा एकेक गोष्ट बघत होते. विहीर, बाभळी, कळपामागून धावणारं कुत्रं. चक्कर पुरी झाल्यावर मामींनी इंजिन बंद केलं. मला वाटलं, आता ते म्हणणार, ठेवा. मामींनाही तेच वाटत होतं, मी त्यांचा चेहरा आरशात बघत होतो. मामांनी शब्द जुळवायला वेळ घेतला आणि स्पष्ट म्हणाले, "विक."

मामी उतरल्या. जीपच्या पुढं जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मी जवळ गेलो आणि न राहवून म्हणालो, "मामी, एवढं सगळं केलं, आणि..." त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही. "काहून? बघून विकायलेत ना? त्यांचं रान हाय. पलंगावर पडून नाय विकलं त्यांनी." या वेळी पदराला हात गेला नाही. परत येऊन त्यांनी मामांचा पट्टा सारखा केला, उशी नीट केली आणि गाडी वळवली.

उतरताना नाल्याच्या मधोमध मामांचा डोळा लागला. तिथं, त्या दगडगोट्यांत. झटक्यानंतर ज्या माणसाला रात्र रात्र झोप येत नव्हती, तो जीप दगडांवरून जात असताना लहान मुलासारखा तोंड उघडं टाकून झोपला. मामींनी एकदा बघितलं, मग पुन्हा बघितलं. डांबरी रस्ता आला, मग फुलंब्री आली, घर आलं. मी उतरायच्या तयारीत होतो. फाटक मागे गेलं.

"मामी, घर गेलं," मी म्हणालो.

"दिसलं," त्या हळूच म्हणाल्या. "झोपू दे त्यांना."

आणि शहराच्या दिशेनं गाडी चालवत राहिल्या.