मोटरसायकलची खांदशेकणी

मोटरसायकलला पुढून फायबरचं अंग लावून घ्यायची हौस माझी. नव्वदच्या दशकात आमच्या नेरडीगोंड्याकडे तसली गाडी कुणाकडे नव्हती. आदिलाबादहून ते बसवून आणलं तेव्हा वाटलं, आता ही धावणार नाही, उडणार. उडाली नाहीच, उलट इंजिन त्या फायबरच्या आत असं दडलं, की प्लग पुसायचा म्हटलं तरी आधी अर्धी गाडी सोलावी लागे.

प्लग पुसणं म्हणजे चहा उकळेपर्यंतचं काम. पण त्याआधी स्क्रू! काही समोर दिसत, काही चाकामागे हात घालून चाचपडावे लागत, आणि एक हमखास निसटून इंजिनाच्या कुठल्याशा खोबणीत जाऊन बसे. इंडिकेटरची वायर सोडायला विसरलो की फायबर हातात येई आणि वायर तुटलेली असे. इचोड्याचा मिस्त्री मला लांबूनच ओळखायचा. "साब, पैले इसके कपडे उतारके लाव, फिर काम बोलो." शेवटी मी सोपी युक्ती काढली : काम पुढे ढकलायचं. बाहेरून गाडी चकाचक, आत काय चाललंय ते तिचं तिला ठाऊक.

वडिलांना नेमकं हेच खुपायचं. जन्मभर त्यांनी बैल सांभाळले. संध्याकाळी खूर उचलून पाहिल्याशिवाय ते जेवायला बसत नसत.

"ज्याचं पोट दिसत नाई, त्याच्या पाठीवर मी नाई बसत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

"बाबा, मशीन हाय ते."

"म्हणूनच त. बैलाले दुखलं त थो सांगते तरी."

त्या वर्षी घरात बैल उरले नव्हते. जोडीतला एक गेला, दुसरा एकटा औताला चालेना म्हणून शेजारच्या गावात देऊन टाकला. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी वडील बैलगाडीनं इचोड्याला माझ्या आत्याकडे जात. आत्या थकली होती, तिच्यानं येणं होत नव्हतं. ती वर्षभर या दिवसाची वाट पाहायची. बसमध्ये उभं राहायला वडिलांचे गुडघे तयार नव्हते. "यंदा नाई जात मी," एवढं बोलून ते रिकाम्या गोठ्याकडे पाठ करून बसले.

बायकोनं मला आत बोलावलं. "अवो, बहीण-भावाचे असे किती पोळे राह्यले आता? काढा न ते चिलखत. मामाजीले पोट दाखवा एकदाचं."

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात आणि त्यांना म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." गावभर ते आवतण चाललेलं, आणि मी अंगणात पान्हे मांडून स्क्रूंशी झटत होतो. फायबर निघालं तसं आतून काळ्या मातीचं भलंमोठं ढेकूळ पडलं. त्यावर चांगलं हिरवं गवत उगवलेलं. लांबून पाहणारे वडील उठून आले.

"काऊन रे, इथं शेती करून राह्यला का?"

बायको दारात पदर तोंडाशी धरून हसत होती. मी प्लग सोडवायला घेतला.

मग तेही खाली बसले. काडीनं इंजिनाच्या पट्ट्यांमधली माती उकरू लागले. मी ऑइल बदललं, चेनला तेल दिलं. शाळा, पुढं कचेरीची नोकरी. औताशी माझा कधी संबंध आला नाही, त्यामुळे दोघांनी मिळून हात काळे केल्याचं मला आठवत नव्हतं. मला वाटलं, स्क्रू अजून थोडे असते तरी चाललं असतं.

काम झाल्यावर ते घरात गेले आणि वाटीत कोमट तूप-हळद घेऊन आले. "बाबा, तापलं की ते..." एवढंच मी म्हणालो. त्यांनी पळसाच्या पानानं पट्ट्यांवर तूप चोळलं, सावकाश, आणि पुटपुटले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." मी उगाच पान्हे पुसत बसलो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते न बोलावता मागे येऊन बसले. फायबर मी लावलंच नव्हतं. हमरस्त्याला लागलो, इंजिन तापलं आणि तूप कढायला लागलं. ढाब्यावरचे ट्रकवाले माना वळवून पाहू लागले.

"कोणाच्या घरी शिरा भाजून राह्यले रे?" मागून आवाज आला.

"आपल्याच, बाबा."

मग माझ्या पाठीला त्यांच्या हसण्याचे हिसके बसू लागले.

चढ संपला तसं त्यांनी माझा खांदा थोपटला. "थांब. दमलं असन ते."

"हे दमत नाई, बाबा."

"थांब म्हणतो न."

झाडाखाली गाडी बंद केली. ते उतरले, वाकून इंजिनाजवळ तळहात नेला, धग लागली तसा मागं घेतला. मीही बसलो, रस्त्याच्या कडेला, काही काम नसताना. बऱ्याच वेळानं त्यांनी पुन्हा हात नेऊन पाहिला आणि धोतर सावरलं.

"चाल आता. तुही आत्या वाट पाहून राह्यली असन."