यंत्रानं मांडलेलं चैत्रांगण

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मी तिचा पाट सरकवला. माझी बायको अंगणात पाटावर बसून चैत्रांगण काढत होती. दोन-तीन चित्रं झाली की मी तिला बगलेत हात घालून उठवायचो, पाट पायानं पुढं ढकलायचो आणि तिला पुन्हा बसवायचो.

"पायानं नको हो, पाट आहे तो," असं ती दर वेळी म्हणायची. मी दर वेळी पायानंच ढकलायचो. माझी कंबर काय फुकटची आहे?

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चैत्रात घरात गौर बसते, तेव्हा आमच्यातल्या बायका अंगण गेरूनं सारवून त्यावर पांढऱ्या पुडीनं चित्रं काढतात. मध्ये झोपाळ्यावरची गौर आणि भोवती सूर्य, चंद्र, शंख, कासव, हत्ती, गाय, नाग, फणी, आरसा, असं सगळं. मग हळदीकुंकवाला बायका येतात, कैरीची डाळ खातात, पन्हं पितात आणि कुणाचं कासव बेडकासारखं झालंय ते परत जाताना गल्लीत बोलतात. झाशीत आता अशी अंगणं राहिली नाहीत. दतिया गेटच्या आमच्या बाजूला मराठी घरं मोजकीच, त्यातही मातीचं अंगण आमचंच. बाकीच्यांनी फरशा घातल्या. मानिक चौकाच्या बाजारातून प्लास्टिकची रांगोळी आणतात आणि चिकटवतात. चिकटवतात ती वर्षभर काढत नाहीत. दिवाळीला जावं तर गौरीच्या तोंडावर पाहुण्यांच्या चपला.

तिचं माहेर इथलंच, झाशीच्या राजांच्या वेळेपासूनचं. माझे वडील रेल्वेबरोबर भुसावळकडून आले. मी यार्डात शंटिंगवर, डबे जोडण्यात-तोडण्यात जन्म घालवला, शाळेशी माझं फारसं जमलं नाही. चैत्रांगण तिच्या आईनं शिकवलेलं, आणि तिनं ते एकही वर्ष चुकवलं नव्हतं. गेल्या साली गुडघ्यांनी दगा दिला. तेव्हा शेजारची एक बाई ते प्लास्टिक घेऊन आली. "काकू, वाईट नका वाटून घेऊ, हे पण चालतं." चालतं! हिनं ते लावलं, आणि हळदीकुंकू होईपर्यंत अंगणाकडं पाठ करून बसली. यंदा तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, की आपल्या हातानं पुरं चैत्रांगण काढायचं. गुडघे राहोत नाहीतर जावोत.

चैत्रासाठी म्हणून मुलगा बंगळुरूहून आला होता. म्हणजे शरीर आलं होतं. तो पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायचा आणि बंगळुरूतलंच काम करायचा. लोक मला विचारतात, मुलगा काय करतो? मी सांगायचो, चिप बनवतो. मग म्हटलं, एकदा नीट विचारून घ्यावं.

"बाबा, चिपमध्ये लाखो छोटे ठोकळे असतात. सेल म्हणतात. कोणाला कोणाशी जोडायचं ते दुसरे लोक ठरवून देतात. आता ते ठोकळे कुठं ठेवायचे आणि त्यांच्यामधल्या तारा कुठून न्यायच्या, ते आमचं काम."

"म्हणजे ठोकळे तू ठेवतोस."

"मैं नहीं, टूल ठेवतं. आपोआप."

"मग तारा तू ओढतोस."

"त्या पण टूलच ओढतं."

"मग तू काय करतोस?"

"मी बघतो ना, बरोबर झालं का ते."

आमच्या यार्डात असा एक साहेब होता. त्याला खुर्ची होती, पंखा होता आणि दुपारी झोप होती.

मी ते बघितलंसुद्धा. काळ्या पडद्यावर मुंग्या सांडल्यासारखे ठिपके. आधी सगळे मध्ये गोळा होतात, मग पसरतात, मग शिस्तीत रांगेला लागतात. त्यानंतर लाल, निळ्या, हिरव्या रेघा येतात, एकीच्या डोक्यावरून दुसरी, मजल्यावर मजले. जिथं फार दाटी झाली तिथं पडदा लालभडक होतो आणि आमचा मुलगा "अरे यार" म्हणून कपाळाला हात लावतो. मग पुन्हा पहिल्यापासून. यंत्र राबणार, हा पोहे खाणार. आणि एवढं करून बाहेर पडतं काय, तर नखाएवढी चकती. ती कुठं बसते म्हणून विचारलं, तर म्हणाला, या खेपेची कपडे धुवायच्या मशीनमध्ये. म्हणजे इंजिनिअर झाला तो लोकांची अंतर्वस्त्रं फिरवायला. मी तसं बोलून दाखवलं. तो हसला. माझ्या बोलण्याला तो हसतोच, त्याला वाटतं बाप गमती करतो.

तिला मात्र त्यात गोडी लागली. भाजी निवडायची परात घेऊन ती त्याच्या शेजारी बसायला लागली.

"शेजारी शेजारी कशाला ठेवतं रे ते?"

"तार छोटी झाली की निरोप वेळेवर पोचतो, आई."

"मग सगळेच चिकटून ठेवायचे."

"मग तारांना जायला जागाच नाही उरत. मानिक चौक होऊन जातो सगळा."

हे तिला पटलं. मानिक चौकात सणाच्या दिवशी ती एकदा अशी अडकली होती की पिशवी एकीकडं आणि ती एकीकडं. मग तिनं आपलं दुखणं काढलं. चित्रं एवढी, अंगण एवढं, आणि प्रत्येक चित्रासाठी उठायचं म्हटलं तर गुडघे अर्ध्यातच बसतील. मुलगा म्हणाला, "हे तर माझंच काम आहे! तू मला सांग, कोण कोणाजवळ हवं. मी असं लावून देतो की एकदा बसलीस की हात पोचेल तेवढ्यात दोन-तीन चित्रं होतील."

मी म्हटलं, "आता रांगोळीपण यंत्र काढणार का?"

"काढणार मीच," ती म्हणाली. "ते नुसतं जागा सांगेल. तुम्ही सांगता का?"

ऑफिसचं टूल रांगोळीला लावलं तर नोकरी जाईल म्हणे. मी म्हटलं, जाऊ दे. त्यानं स्वतःच काहीतरी बारकंसं लिहिलं, दोन दुपार त्यातच घालवल्या. ती सांगत होती, तो टाईप करत होता. गाईजवळ गाईची पावलं. शंखाजवळ चक्र. फणी, आरसा, करंडा एका जागी. नाग आणि गरुड लांब, त्यांचं पटत नाही. हत्तीला ऐसपैस जागा. मग त्यानं बटण दाबलं. ठिपके धावले, थांबले, आणि ती पडद्यावर वाकली.

"अरे, माझी गौर कुठाय?"

"ही काय."

"मोरीपाशी?"

खरंच, यंत्रानं गौरीला अंगणाच्या कोपऱ्यात, मोरीच्या तोंडाशी बसवलं होतं. वर आरसा-फणी मात्र मध्ये, मखरात बसल्यासारखी.

"आई, तू गौरीचं कोणाशी नातंच नाही सांगितलंस. ज्याला कुणाशी जोडलेलं नाही, त्याला ते कुठंही टाकतं."

"गौरीचं काय सांगायचं? ती मध्ये असते."

"वो टूल को कैसे पता चलेगा?"

"एवढंही कळत नाही त्याला?"

ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. मी म्हटलं, घ्या, एवढ्या पगाराचं शहाणपण मोरीत गेलं. पण खोटं कशाला लिहू? त्यानं गौरीला मध्ये पक्कं केलं, पुन्हा बटण दाबलं, आणि ते चांगलं जमलं. चंद्र-सूर्य समोरासमोर, हत्ती मोकळा, नाग एका टोकाला, आणि तिला फिरायला चित्रांमधून वाट ठेवलेली. मला ते आवडलं नाही. तिला आवडलं. छापून आणलेला कागद ती सुनेचा फोटो बघावा तसा बघत होती. सून आणायची तयारी मुलाची अजून नाही, तो भाग वेगळा.

त्या कागदावर बाण होते. पाट कुठून कुठं न्यायचा त्याचे. मुलगा म्हणाला, हे आईच्या पाटाचं राउटिंग, तारांच्या वाटा काढतो तसं. आणि पाट कोण नेणार? मी. कारण त्या वेळेला त्याची मीटिंग. आईला उठवायला-बसवायला बाप, आणि यंत्राकडं बघत बसायला हा. रिटायर होऊनही शंटिंग काही सुटलं नाही.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी, ऊन अंगणातून भिंतीवर चढल्यावर आम्ही बसलो. आधी गौर काढली. तिचे हात चहाचा कप धरताना थरथरायचे, पण चिमटीत पूड आली की रेघ सरळ. कशी ते मला ठाऊक नाही. मी एकदा मुद्दामच पाट उलट्या बाजूला ढकलला.

"तिकडं नाही. कागद बघा."

"कागद मला शिकवणार?"

"अहो, पोरानं डोकं लावलंय. आणि गुडघे माझे आहेत, तुमचे नाहीत."

ढकलला परत. शेजारची प्लास्टिकवाली दारातून डोकावली. "अरे वा काकू, यंदा हातानं?" तिनं मान वर केली नाही, हत्तीची सोंड पुरी करत म्हणाली, "हो. तुझ्या घरचं ते सुटलंय बघ एका बाजूनं, चिकटव." बाई गेली. मी तिला शाबासकी दिली. ती म्हणाली, गप्प बसा, पाट घ्या.

पाऊण अंगण झालं. गाय राहिली, तिची पावलं राहिली, भिंतीकडची बाजू राहिली. "उरलेलं उद्या सकाळी," ती म्हणाली. "बायका संध्याकाळीच येणार." हात धुतले, चहा घेतला. मग म्हणाली, छाती भरल्यासारखी वाटते, पित्त असेल. रिक्षा मिळेपर्यंत तिला घाम फुटला. दवाखान्यात एक पोरगेला डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलत राहिला. मुलगा समजावून सांगायला लागला. मी म्हटलं, राहू दे. मला तिचा चेहरा दिसत होता.

रात्रीच तिला भिंतीच्या कडेनं घरात आणलं. सकाळी माणसं जमली. मयताच्या घरी सगळ्यांना हुशारी सुचते. तिला बाहेर आणायचं तर अंगणातच ठेवायला हवं, आणि अंगणात तर ते. ग्वाल्हेरहून आलेला माझा पुतण्या म्हणाला, "काका, सुतकात रांगोळी नाही चालत. पुसायला पाहिजे. कामवालीला सांगू?" त्यावर तिच्या माहेरची एक म्हातारी म्हणाली, घरातून मढं गेल्याशिवाय झाडू लावायचा नाही. म्हणजे रांगोळी पुसल्याशिवाय तिला आणता येत नाही, आणि तिला नेल्याशिवाय रांगोळी पुसता येत नाही. यावर दोन्ही बाजूंनी वाद सुरू झाला. ती आत जमिनीवर, आणि हे दारात शास्त्र सांगतायत. समोरचा भैया म्हणाला, "चाचाजी, गली में ही रख लेते हैं." मी म्हटलं, गल्लीत कुत्री बसतात.

प्लास्टिकवाली हळूच म्हणाली, "पुसायच्या आधी फोटो तरी काढा. किती सुरेख आलंय." काल असं म्हणाली असती तर तिनं ऐकलं असतं.

मुलगा भिंतीला टेकून उभा होता. डोळे सुजलेले. म्हणाला, "बाबा, माझ्याकडं आहे सगळं. पूर्ण. गाय पण आहे. मी नंतर—"

"तुझ्याकडं कागद आहे," मी म्हटलं.

तो खाली बघायला लागला. लागलं असणार. लागू दे.

मी माझा पंचा बादलीत बुडवला, पिळला आणि गुडघ्यांवर बसलो. झाडू नाही, कामवाली नाही. म्हातारी बाजूला सरली. पुतण्यानं लोकांना मागं सारलं, तेवढं एक काम त्यानं धड केलं. मुलगा आत गेला, दुसरं फडकं भिजवून आणलं आणि माझ्याजवळ येऊन बसला.

"कुठून सुरू करू?"

"कुठूनही कर. मला विचारू नको."

तो हत्तीकडून निघाला. पुसता पुसता एकदा त्याचा हुंदका फुटला, मी बघितलं नाही. गौर मी पुसली. पंच्यानं पांढरी पूड नुसती फिरत होती, गेरूवर पसरत होती, म्हणून शेवटी पंचा टाकला आणि तळहातानं पुसली, झोपाळ्याच्या दोऱ्या वरपासून खालपर्यंत. मग मुलाच्या खांद्याला धरून उठलो आणि आतल्या माणसांना म्हटलं, आणा तिला.